हिरोशिवाय उरलेला व्हिलन : झाडीपट्टीतल्या एका मुंशीचं प्रकरण

वडशातल्या एका नाटक कंपनीपुढे ऐन सीझनच्या तोंडावर विचित्र पेच उभा राहिला. व्हिलन हाताशी होता, हिरो नव्हता.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कंपन्यांची बुकिंग ऑफिसं मुख्यतः इथेच. धान कापून झाला, दिवाळी सरली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाठोपाठ शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, येतात आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत रात्र-रात्र नाटकं चालतात. गावातलं मंडळ कंपनीकडून प्रयोग घेतं, तिकीट लावतं. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीसुद्धा त्याच गर्दीत जुळतात. बुकिंगला आलेला माणूस संहिता वाचायला मागत नाही. नाटकात कोण-कोण आहे, एवढंच तो विचारतो. या कंपनीच्या ऑफिसात दोन सीझन एकच प्रश्न येत होता : ‘मुंशी आहे ना?’

मुंशी हे त्यांच्या एका सामाजिक नाटकातलं पात्र. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं विकत घ्यायच्या जागी, ठेकेदाराच्या वतीनं पानांचे पुडे मोजून घेणारा माणूस. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे, हे ज्यांनी केलंय त्यांना मुंशीची ओळख करून द्यावी लागत नाही. शेकड्यामागे चार पुडे असेच जास्तीचे घ्यायचे. पान फाटकं आहे म्हणून एखादा पुडा बाजूला सारायचा आणि पोरगी पाठ फिरवून गेली की तोच उचलून रांगेत लावायचा. नाटकातला मुंशी हे सगळं गुणगुणत करायचा. मोजताना तो ‘सदतीस, अडतीस, सदतीस’ असा मागे यायचा आणि अख्खा मंडप ओरडायचा, ‘एकोणचाळीस!’ शेवटच्या अंकात एक तरुण मास्तर गावाला हिशेब शिकवतो, मुंशीला उघडं पाडतो, पोलीस येतात, पडदा पडतो. नाटकाचा हिरो मास्तर होता. शिट्ट्या मुंशीला पडत.

पुढे ते नाटक लिहिणारे लेखक दुसऱ्या कंपनीत गेले आणि मास्तरचं काम करणारा नटही त्यांच्यासोबत गेला. भांडण वगैरे झालं नाही. चहावर बोलणं झालं आणि ठरलं असं : मुंशीचं काम करणारे काकाजी जुन्याच कंपनीत आहेत, तेव्हा मुंशी त्यांनी वापरावा. मास्तर मात्र लेखकाचा, तो त्यांच्या पुढच्या नाटकात जाणार. निर्माता खुशीत घरी आला. नवं नाटक लिहायला घेतलेल्या कुरखेड्याकडच्या पोरानं त्याला भानावर आणलं. ‘भाऊ, मुंशी आता कोणाशी भांडन? त्याचं सारं नाटक त मास्तरसंगंच होतं ना.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘सर, हे व्हेनमसारखंच झालं.’

संहिता वाचून मत द्यायला मी त्या बैठकीत होतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशी कामं येतात. मोबाइलवर हिंदीत डब केलेला ‘व्हेनम’ त्या पोरानं इतक्या वेळा पाहिला होता की दृश्यं तोंडपाठ होती. पण त्याला जे दिसलं ते कथेच्या फार आतलं होतं, आणि पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. म्हणून आधी व्हेनमकडे जायला हवं.

ज्याचा राग करायचा तोच गायब

व्हेनम हा स्पायडरमॅनच्या कॉमिक्समधला खलनायक. १९८४ साली स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख आला. नंतर कळलं की तो पोशाख नव्हताच, माणसाच्या शरीरावर जगणारा परग्रहावरचा जीव होता. पीटर पार्करनं त्याला झिडकारलं. दुसरीकडे एडी ब्रॉक नावाचा पत्रकार. एका खुन्याची कबुली म्हणून त्यानं भलत्याच माणसाची बातमी छापली, स्पायडरमॅननं खरा खुनी पकडला आणि एडीची अब्रू गेली. चूक एडीची होती, पण त्यानं ती स्पायडरमॅनच्या नावावर लिहिली. नाकारलेला जीव आणि बदनाम पत्रकार एकत्र आले आणि १९८८ साली, डेव्हिड मिशेलिनी यांचं लेखन आणि टॉड मॅकफार्लेन यांची चित्रं असलेल्या स्पायडरमॅनच्या तीनशेव्या अंकात, व्हेनम पुरता उभा राहिला. म्हणजे त्याचे दोन्ही अर्धे एकाच माणसाच्या रागातून घडलेले आहेत. कॉमिक्सच्या जगात शक्तिमान खलनायक ढिगानं आहेत, पण इतका एकाच माणसाला बांधलेला क्वचित.

आता यातून स्पायडरमॅन काढून टाका. सोनीनं २०१८ साली नेमकं हेच केलं. स्पायडरमॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे होते, पण २०१५ च्या करारानंतर तो मार्व्हलच्या चित्रपटांच्या मालिकेत खेळू लागला होता. रूबेन फ्लायशर यांनी दिग्दर्शित केलेल्या, टॉम हार्डीच्या ‘व्हेनम’मध्ये स्पायडरमॅन आलाच नाही. त्याआधी २००७ च्या ‘स्पायडरमॅन ३’मध्ये व्हेनम आला होता, तो मूळ रागासकट, खलनायक म्हणूनच. तिथे तो तीन खलनायकांच्या गर्दीत शेवटी-शेवटी आला आणि वाया गेला.

एडीची नवी गोष्ट लिहिणाऱ्यांना आयती सामग्री मात्र मिळाली होती. व्हेनमला नायकाकडे ढकलायला कॉमिक्सनं स्वतःच १९९३ मध्ये सुरुवात केली होती. ‘लीथल प्रोटेक्टर’ या सहा अंकांच्या मालिकेत स्पायडरमॅनशी तह करून व्हेनम सॅन फ्रान्सिस्कोला जातो आणि निराधारांचा राखणदार होतो. चित्रपटानं तिथून शहर घेतलं. पण तह कोणाशी? इथे त्यांनी जी तोडजोड केली ती शिकण्यासारखी आहे.

एडीची पडझड त्यांनी त्याच्या स्वतःच्याच हातानं घडवली. होणाऱ्या बायकोच्या, ॲनच्या, लॅपटॉपमधली गोपनीय माहिती तो चोरून वाचतो आणि मुलाखतीत ती कार्लटन ड्रेक या बड्या उद्योगपतीच्या तोंडावर फेकतो. त्याची नोकरी जाते, तिचीही जाते, आणि ती अंगठी काढून देते. कॉमिक्समध्ये एडी आपली चूक दुसऱ्याच्या नावावर लिहितो. चित्रपटात तशी सोयच ठेवलेली नाही. दुसरं म्हणजे तो जीवसुद्धा आपल्या ग्रहावर कोणी मोठा नाही. आपण तिकडे एडीसारखेच मागे पडलेले होतो, हे तो स्वतः सांगतो. स्पायडरमॅनच्या रागानं बांधलेली जोडी इथे अपयशानं बांधली. आणि समोर उभा केला रायट, त्याच जातीचा, त्याच्याहून बलवान. व्हेनमची डोकी खायची भूक जशीच्या तशी राहिली. फक्त वाईट माणसंच खायची, एवढा नियम शेवटी ठरला.

समीक्षकांनी चित्रपट झोडपला. लोकांनी जगभरातून सुमारे ८५ कोटी डॉलरची तिकिटं काढली. माझ्या मते लोक आले ते हार्डीसाठी. एका अंगात दोन जण भांडताहेत आणि दोघेही खरे वाटताहेत, हा खेळ पाहायला. हॉटेलात लॉब्स्टरच्या टाकीत जाऊन बसणारा एडी मला आजही कथानकापेक्षा जास्त आठवतो.

वही

बैठकीतला निर्मात्याचा पहिला प्रस्ताव सगळ्यांना आधीच ठाऊक होता. मुंशीचं बालपण दाखवा. आई औषधाविना गेली, बाप दारूत बुडाला, पोट्टा उपाशी झोपला, म्हणून मुंशी असा झाला. वर एक करुण गाणं. झाडीपट्टीत करुण गाणं पडत नाही, हा निर्मात्याचा मुद्दा खरा होता. नव्या लेखकानंही त्याला आधार शोधून दिला : ‘जोकर’.

तिथे मी आडवा आलो. २०१९ चा जोकर खलनायकाला बालपण देऊन उभा राहिला, पण ते बालपण त्या चित्रपटाचं स्वतःचं आहे. जोकर १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात आला आणि तो कुठून आला याचा पक्का दाखला कॉमिक्सनं मुद्दाम दिला नाही. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये ॲलन मूर यांनी त्याला भूतकाळ दिला आणि त्याच्याच तोंडून तो संशयास्पदही करून टाकला. शिवाय तो चित्रपट पूर्णवेळ एका माणसाच्या मोडण्यावर आहे, त्यात दुसरं काही चालूच नाही. आमच्याकडे रात्रभराचं नाटक, त्यात कॉमेडी पार्ट, त्यात लावणी, आणि ज्याला लोक दोन वर्षं ओळखतात तो माणूस. त्याच्या बालपणाची फाइल आता उघडली तर लोक विचारतील, मग मागच्या वर्षी काहून नाही सांगितलं?

काकाजींनी ते आणखी थोडक्यात निकाली काढलं. ‘मले रडवू नोका. मी रडलो त लोक हासतीन.’

दुसरा प्रस्ताव मुंशीला निर्दोष करण्याचा. हिशेबात खोट ठेकेदाराची होती, मुंशी बिचारा हुकुमाचा ताबेदार. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवर आचारसंहिता आली तेव्हा गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं गुन्ह्याचं चित्रण करू नये, असा त्यातला एक नियम होता. दुसरा प्रस्ताव मांडणाऱ्यांना तो नियम माहीत असायचं कारण नव्हतं, पण ते त्याच धाकाखाली बोलत होते. सहानुभूती हवी तर गुन्हाच पुसा, म्हणजे नियम मोडायचा प्रश्नच नाही. मात्र ‘सदतीस, अडतीस, सदतीस’ करणारा मुंशी निर्दोष ठरला तर मंडपातून ओरडायचं कोणी? लोक त्याच्या चोरीला हसत होते. ती चोरी त्यांनी खऱ्या फळीवर सोसलेली होती आणि मंडपात ती पकडायचा आनंद घेत होते. चोरी काढली की पात्रातला प्राण गेला.

तिसरी वाट लेखकानं काढली, आणि ती व्हेनमच्या रायटमधून आली हे तो कबूल करतो. मुंशीच्या वरचा ठेकेदार आणा. पण नुसता मोठा चोर आणून भागत नव्हतं. दोन चोरांत लहान चोर भला, एवढंच त्यातून निघालं असतं. मग तेंदूच्या धंद्यातली खरी भीती त्यात आली : हंगाम संपता-संपता ठेकेदार गावाचं देणं बुडवून निघून जातो. माल उचललेला, मजुरी बाकी, फोन बंद. फळीवर उरतो एकटा मुंशी, समोर सगळं गाव.

ठेकेदाराची पक्की वही म्हणते, गावानं इतके पुडे दिले. त्याच्यावर दावा लावायचा तर खरा आकडा सिद्ध करायला हवा, आणि खरा आकडा जगात एकाच जागी आहे : मुंशीच्या कच्च्या वहीत. स्वतः किती मारले हे कळावं म्हणून त्यानं प्रत्येक घराचा खरा हिशेब वेगळा लिहून ठेवलेला असतो. गावाला पैसे मिळवून द्यायचे तर ती वही बाहेर काढावी लागते आणि वही बाहेर आली की त्याची स्वतःची चोरी, घरवार, तारीखवार, गावापुढे वाचली जाते. चोराचा नीटनेटकेपणाच इथे पुरावा ठरतो.

हे ऐकल्यावर मी माझी टिपणं बाजूला ठेवली. मुंशीचा दुर्गुण कमी झालेला नाही, त्याला लपायची जागा तेवढी उरलेली नाही. भल्या माणसाकडून हे काम होऊच शकत नाही, कारण भल्या माणसाकडे कच्ची वही नसते. मास्तर आता आठवतही नाही. मास्तर असता तर त्यानं वही हुडकून काढली असती आणि मुंशी पुन्हा पकडला गेला असता. मास्तर नाही, म्हणून वही काढायची की जाळायची हे मुंशीलाच ठरवावं लागतं.

व्हेनमच्या चित्रपटात मला नेमकं हेच कमी पडलेलं वाटतं. तिथे भूक राहते, पण तिची किंमत पडत नाही. व्हेनम ज्यांना खातो ते पुढच्या दृश्यात कोणाचे कोणी नसतात. रक्तसुद्धा फारसं दिसत नाही, कारण अमेरिकेत तेरा वर्षांच्या पोरांनाही तिकीट मिळेल असं प्रमाणपत्र हवं होतं. नियम ठरतो तो ‘वाईट माणसं’ एवढ्यावर, आणि वाईट कोण हे खाणारा ठरवतो. या घोळातून चित्रपटाला थोडीफार वाचवते ती ॲन. एडीनं तिचं नुकसान केलेलं आहे, ती त्याला मदत करते, एका दृश्यात तो जीव स्वतःच्या अंगावरही घेते, आणि तरी शेवटी परत येत नाही. तिच्या आयुष्यात आता डॉक्टर डॅन आहे. एडीनं जग वाचवलं म्हणून तिचा हिशेब मिटत नाही. हा बारीक निर्णय ज्यांनी घेतला त्यांना अँटिहिरो, म्हणजे दुर्गुणासकट नायक झालेला माणूस, कळला होता, असं मी म्हणेन.

आमच्या संहितेत हे काम आलं एका बाईकडे. जुन्या नाटकात ती दीड मिनिटाची होती. तिचे पुडे मुंशी फाटके म्हणून सारतो, ती काही न बोलता निघून जाते आणि तो तेच पुडे रांगेत लावतो. लोक हसत. नव्या नाटकात तिला परत आणायचं ठरलं तेव्हा निर्माता म्हणाला, तिची आणि मुंशीची जोडी लावा, दोघंही एकटे आहेत. लेखक ठाम राहिला आणि मला त्याचा अभिमान वाटला. ती मुंशीवर प्रेम करणार नाही, त्याला माफ करणार नाही आणि त्याला शिव्याही देणार नाही. गाव वहीवर जमलेलं असताना ती एकच वाक्य बोलेल : ‘माहे पुडे मोज. मांगच्या सालचेबी मोज.’

मागून येणारा आवाज

एडीच्या अंगातल्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न लेखकापेक्षा तालीम घेणाऱ्या मास्तरांना जास्त सतावत होता. (हे मास्तर वेगळे, ते हार्मोनियमही वाजवतात.) मुंशीचं मन दोन तुकड्यांत दाखवायचं होतं, पण रेकॉर्ड केलेला आवाज लावला तर साउंडवाल्याच्या एका चुकीवर अख्खा अंक जातो. हार्डीनं व्हेनमचे संवाद आधी रेकॉर्ड करून घेतले आणि शूटिंगच्या वेळी ते कानात ऐकत एडीचं काम केलं, हे लेखकाला माहीत होतं. आमच्याकडे कानात लावायला काही नव्हतं. प्रॉम्प्टर मात्र होता.

झाडीपट्टीत प्रॉम्प्टर लपवत नाहीत. नाटकं जास्त आणि तालमी कमी, म्हणून तो लागतोच. पुढच्या रांगेतल्याला त्याचा आवाजही ऐकू येतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. मास्तरांनी ठरवलं की मुंशीचा लोभ प्रॉम्प्टरच बोलेल. मुंशी पुडे मोजतोय, मागून आवाज : ‘अडतीस नोको म्हणू.’ मुंशी हळूच : ‘म्हणू दे ना बाप्पा, बाई पाहून राहिली.’ मागून : ‘तिले मोजता येते का?’ पहिल्यांदा लोकांना वाटलं प्रॉम्प्टर चुकून मोठ्यानं बोलला. दुसऱ्यांदा कळलं आणि मंडप हसून लोळला. ठेकेदार पळाल्यावर तोच आवाज वही जाळ म्हणतो, तेव्हा कोणी हसत नाही. वही गावापुढे ठेवायच्या प्रवेशात आवाज बंदच आहे. काकाजी एकदा थांबून मागे पाहतात, पलीकडून काही येत नाही, मग पुढचा संवाद स्वतःच्या भरवशावर म्हणतात. मोठ्या तंत्राची नक्कल करायला गेलो असतो तर हे सुचलं नसतं.

गाणी, लावणी, कॉमेडी पार्ट याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ते झाडीपट्टीच्या रीतीप्रमाणे आहेत. लावणी ठेकेदाराच्या घरी आहे, तिचा कथानकाशी संबंध ओढूनताणून आहे आणि ती वन्समोअर घेते.

पहिला प्रयोग आरमोरीच्या बाजूच्या एका गावात शंकरपटाच्या रात्री झाला. पटाची बंदी उठल्यापासून त्या रात्रींना पुन्हा गर्दी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती थांबवल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा मुभा दिली. दिवसभर बैल पाहून आलेला प्रेक्षक रात्री शांत नसतो. पहिले दोन अंक झकास गेले. वहीचा प्रवेश पहाटे तीनच्या पुढे आला. काकाजी घरवार चोरी वाचू लागले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी जुन्या सवयीनं ओरडला, ‘एकोणचाळीस!’ हशा पिकला. काकाजी थांबले, हशा ओसरू दिला आणि म्हणाले, ‘हो. एकोणचाळीसच होते. अडतीस लिवले.’ हे वाक्य संहितेत नव्हतं. ते आता आहे.

फसलं ते शेवटाशी. लेखकानं निर्मात्याच्या आग्रहाला थोडी जागा दिली होती. ठेकेदार पकडला जातो, पैसे येतात, सरपंच मुंशीला फेटा बांधतो. त्या रात्री फेटा बांधताना टाळ्या आल्या, पण बायकांच्या बाजूनं आल्या नाहीत. नाटक सुटल्यावर आयोजक मंडळाच्या एका पोरानं चहा देता-देता सांगितलं, ‘आमची माय म्हणते, चोराले फेटा काहून?’ काकाजींना आधीपासून तो फेटा नकोच होता.

पुढच्या प्रयोगापासून फेटा गेला. ठेकेदाराकडून वसूल झालेली रक्कम गावाला वाटताना मुंशीच्या वाट्याची मजुरीही येते. ती त्यानं मारलेल्या पुड्यांच्या हिशेबात कापली जाते आणि वर बाकी निघते. बाकी कशी फेडणार, असं ग्रामसभा विचारते. पुढच्या हंगामात तो पानं तोडायला जाईल, फळीवर बसणार नाही, असं ठरतं. मोजणीला ती बाई बसते. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा वनहक्क कायद्यानंतर तेंदू स्वतः विकतात, त्यामुळे हा शेवट लोकांना स्वप्नातला वाटत नाही. मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क २००९ साली मिळाला, ती गोष्ट या भागात शाळकरी पोरांनाही ऐकून ठाऊक असते. तरी मला इथे एक शंका आहेच : ग्रामसभेचं दृश्य जरा भाषणबाज झालंय. लेखक म्हणतो, पहाटेच्या चारला लोकांना भाषण चालतं. चालत असेल.

पुढचा मुंशी

सीझन चांगला गेला. निर्मात्यानं आता तिसरं नाटक मागितलं आहे. त्यात मुंशी सुधारलेला, गावाचा आधार, आणि शेजारच्या गावच्या वाईट मुंशीशी त्याची टक्कर. यावर कंपनीत दोन तट पडलेत.

निर्मात्याच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच की व्हेनमचेही पुढचे भाग निघाले आणि चालले. २०२१ चा दुसरा भाग जगभरात सुमारे ५० कोटी डॉलरवर थांबला, २०२४ चा तिसरा त्याच्याही थोडा खाली. हे आकडे कोणालाही आवडतील. पण पहिल्याच्या मानानं उतार आहे, आणि व्हेनम जसजसा सवयीचा, लाडका होत गेला तसतसा तो उतार आला, असं मला वाटतं. करोनाचा काळ, बदललेली थिएटरं, ही कारणंही असतील.

सोनीनंच स्पायडरमॅनचे आणखी दोन खलनायक हिरोशिवाय उभे करून पाहिले. मॉर्बियस १९७१ साली कॉमिक्समध्ये आला, आचारसंहिता सैल होऊन रक्तपिपासू पात्रांना वाट मिळाली त्याच वर्षी. आजारावर इलाज शोधताना राक्षस झालेला शास्त्रज्ञ. २०२२ च्या चित्रपटात तो इतका सज्जन केला की त्याची भूक ही फक्त अडचण उरली. दुसरा क्रेव्हन, शिकारी. १९६४ पासूनचा हा खलनायक, पण त्याची सगळ्यात गाजलेली कथा १९८७ ची. तीत तो स्पायडरमॅनला गाडतो, त्याचा पोशाख घालून आपण त्याच्याहून सरस आहोत हे सिद्ध करतो आणि मग जगायला काही उरत नाही म्हणून जीव देतो. २०२४ च्या चित्रपटात स्पायडरमॅन नाही. म्हणजे ज्या शिकारीसाठी हा शिकारी जगतो तीच नाही, आणि तिच्या जागी काही आणलेलंही नाही. दोन्ही चित्रपट पडले.

लेखकानं हे दोन्ही पाहिले आहेत. त्याचं म्हणणं असं की तिसऱ्या नाटकात मुंशीकडे कच्ची वही नसेल तर तो मॉर्बियस होईल, आणि वाईट मुंशी नुसता वाईट असेल तर पहिल्याच नाटकातला जुना मुंशी पुन्हा विकल्यासारखं होईल. त्यानं बदल्यात एक कच्चा आराखडा दिला आहे. मुंशी पानं तोडतोय, बाई मोजतेय, आणि एका संध्याकाळी बाईच्या मोजणीत एक पुडा कमी येतो. चूक आहे की चोरी, कळत नाही. मुंशीला मोजता येतं आणि चोरी कशी करतात हे गावात सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. पण तो बोलला तर त्याचं ऐकणार कोण? आणि मागचा आवाज आता काय म्हणेल?

निर्मात्याला हा आराखडा आवडलेला नाही. बाई चोर निघाली तर बायका नाटकाला येणार नाहीत, असं तो म्हणतो. त्यात तथ्य आहे. ती चोर नाही, मोजणीच्या कामात थकली आहे आणि आपली चूक कबूल करायला तिला लाज वाटते, अशी मी सुचवलेली वळणवाट लेखकाला फार मऊ वाटते. काकाजी दोघांचं ऐकून घेतात आणि विचारतात, यात माझा कॉमेडी पार्ट कुठे आहे? पोळ्याआधी संहिता हातात हवी, असं निर्मात्यानं सांगून ठेवलंय, कारण दसऱ्यापासून बुकिंगवाले यायला लागतात. जाहिरातीचं पत्रक मात्र त्यानं आधीच छापायला टाकलं आहे. त्यावर नाटकाचं नाव नाही, मुंशीचा फोटो आहे.